पायवाटेचे अकरा किलोमीटर

१५ डिसेंबर, रविवार

रोशनी, कशी आहेस? तुझी टाच दुखायची, ती बरी आहे ना? उमेशराव बरे ना? कारखान्यात भट्टीपुढे उभं राहून त्यांचे डोळे चुरचुरतात म्हणे, तुझी आय म्हणाली. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? आणि छोटी? तिला खोकलाबिकला नाही ना? थंडीत कानाला फडकं बांधत जा तिच्या.

इकडे आय ठीक आहे. शेळ्या पाच होत्या, सात झाल्या. हिरूकाकाला दमा आहे आणि विडीपण आहे, दोन्ही सुटत नाहीत. मी ठीक.

ही वही तुला पाठवायची नाहीये. उधव्याचा मोबाइलच्या दुकानातला नविन म्हणाला, काका, रोज किती धावलात ते लिहून ठेवा. पण मी अक्षरं शिकलो एस.टी.च्या पाट्यांवरून आणि खताच्या पिशव्यांवरून, आणि त्यानंतर तीस वर्षं पाड्याची पत्रंच लिहिली. कोण वीटभट्टीवर गेलेलं, कोण बोटीवर. आता सगळे फोनवर बोलतात, माझ्याकडे कुणी येत नाही. पण हात वहीवर ठेवला की तो आधी खुशाली विचारतो. त्याला दुसरं येतच नाही.

तर धावण्याचं असं. नविनच्या दुकानात कागद लावलाय. दोन फेब्रुवारीला बोर्डीहून शर्यत. एकवीस किलोमीटर. घोलवड, चिखले करत नरपडच्या अलीकडे जायचं आणि त्याच रस्त्याने परत बोर्डी. बायकांत पहिल्या तिघींना नाशकात सहा महिने ठेवून शिकवणार, राहणं-खाणं त्यांच्याकडे. मी नुसता वाचत उभा होतो. नविन म्हणाला, "काका, तुमची रोशनीपण आहे की यात." संगणकावर नाव दाखवलं. रोशनी उमेश, राहणार उंबरगाव.

सात वर्षांनी तुझं नाव छापलेलं पाहिलं. मी म्हटलं, "माझंपण घाल."

"तुम्ही? वय किती?"

"एकसष्ट. घाल."

१८ डिसेंबर, बुधवार

पहिला दिवस. पिंपळापर्यंत धावलो आणि पिंपळाला धरून उभा राहिलो. आय पाण्याला चालली होती. म्हणाली, "पिंपळ पडतोय का? धरून ठेवलाय म्हणून विचारते."

तिला अजून तुझं नाव सांगितलेलं नाही. शर्यत आहे एवढंच सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही तिला सगळं कळलंय. बायकांना तसं पाहायची सवयच असते.

२४ डिसेंबर, मंगळवार

आज तलासरीला जाऊन आलो! आपल्या पाड्यापासून तलासरी अकरा किलोमीटर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जाताना अकरा, येताना अकरा, झाले बावीस. शर्यतीपेक्षा एक जास्तच. निम्मं चालत, निम्मं धावत, पण झालं. पहाटे निघालो तो न्याहारीला घरी. मलाच माझं नवल वाटलं. लोक उगाच बाऊ करतात.

आयला सांगितलं तर ती म्हणाली, "घोडा आहेस. भाकर खा."

मग म्हणाली, "पोर आता बालवाडीत जायला लागली असेल. रडत असेल. निळीच पिशवी पायजे म्हणून हटून बसत असेल."

मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

"अंदाज," म्हणाली.

रोशनी, तुझ्या आयला लिहिता-वाचता येत नाही, पण अंदाज बघ कसा बारीक करते. पिशवीचा रंगसुद्धा. हल्ली दर बाजाराला उधव्याला जाते आणि उशिरा येते. बाजारात कुणाकुणाशी बोलून तिचं मन हलकं होत असेल.

२ जानेवारी, गुरुवार

हिरू आज ओट्यावर येऊन बसला. मी करंजाचं तेल पोटऱ्यांना चोळत होतो.

"लहान्या, तुला पोरीला भेटायचंय ना? मग रस्त्याच्या कडेला उभा राहा. कुणी अडवलंय? धावायची काय गरज?"

"कडेला उभा राहणारा बघ्या असतो."

"आणि तू कोण?"

मी तेल चोळत राहिलो. पण इथे लिहितो. तू सोळा वर्षांची असताना म्हणालो होतो, धावून पोट भरत नाही, बैलपण धावतो. तू म्हणाली होतीस, "बा, एकदा माझ्यासंगती धावून बघ, मग बोल." मी हसलो होतो.

आणि दुसरं. परवाच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला मी उंबरगावला आलो होतो. नवे तांदूळ होते. तू दार उघडलं नाहीस. तुझ्या चपला बाहेर होत्या, आत कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला. मी तांदूळ उंबऱ्याशी ठेवून आलो. फोन केला तर तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. पण ह्या शर्यतीचा रस्ता जाण्या-येण्याचा एकच आहे. तू पुढे असशील, मी मागे. परत फिरलीस की तुला माझ्या समोरून यावंच लागेल. रस्त्याला दार नसतं.

तेव्हा मला धावताना दिसायचंय. दमून बसलेला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

गुडघा सुजला. अकरा किलोमीटर, फक्त जाताना. येताना टेम्पो.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. आयने नाचणीची भाकर आणि तिळाचं केलं. मला गोड लागलं नाही. आज लिहूनच टाकतो, नाहीतर ही वही म्हणजे नुसती अंतरं.

आपल्या पाड्याचं टपाल पहिल्यापासून माझ्याकडे येतं. पोस्टमन घरोघर फिरत नाही, लहान्याच्या घरी टाकतो आणि लहान्या वाचून देतो. पाड्याचा तसा विश्वास. तू बारावीची परीक्षा देऊन घरी आलीस त्या मे महिन्यात तुझं पत्र आलं. खेळाच्या वसतिगृहाचं. कुमारी रोशनी हिची निवड झाली असून दहा जूनपर्यंत हजर व्हावे. मी तीनदा वाचलं. मग घडी घातली आणि बियाण्याच्या डब्यात वालाच्या खाली ठेवलं.

का ठेवलं? मी आजवर स्वतःला सांगत आलो की आयचा पाय मोडलेला होता, लावणी तोंडावर होती. तेही खरं. पण आयचा पाय आषाढात बरा झाला आणि पत्र डब्यातच राहिलं. खरं हे की तू गेलीस की परत येणार नाहीस असं मला वाटलं. तू धावायचीस तेव्हा मागे वळून पाहायची नाहीस.

चाळीस दिवस तू रोज फाट्यावर पोस्टमनला विचारायला जायचीस. धावत जायचीस, चालत यायचीस. मी ओट्यावर बसून पाहायचो. एकदा म्हणालो, "आपल्यासारख्यांना कोण बोलावतं ग." तोंडाला काहीच झालं नाही माझ्या.

पुढच्या वर्षी पेरणीला आयने डबा उपसला. कागद हातात आला. तिला वाचता येत नाही, मी शेतावर होतो, म्हणून तिने तो तुझ्याच हातात दिला. "बघ गं, काय लिहिलंय." मी घरी आलो तर तू चुलीपाशी बसलेली आणि आय नुसती उभी. कागद तुझ्या मांडीवर होता. त्याच आठवड्यात उमेशच्या घरी निघून गेलीस. आपल्यात लगीन मागाहून होतं, त्याचं काही नाही. माझं आणि आयचं लगीन तू चार वर्षांची असताना झालं, आमच्या मांडवात तूच जास्त नाचलीस. पण तुझ्या मागाहूनच्या लग्नाला तू आम्हाला बोलावलं नाहीस. आयला बोलावलं असतंस तरी चाललं असतं.

लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२७ जानेवारी, सोमवार

आज तोंडावर पडलो. रस्त्यावर नाही, गणितात.

हिरू तलासरीला दवाखान्यात निघाला होता. मी म्हटलं, चल, मी धावत येतो, बघू कोण आधी पोचतो. तो एस.टी.ने, मी खिंडीच्या पायवाटेने. तो उतरतोय तोवर मी स्टँडवर हजर. मी छाती फुगवून म्हटलं, "अकरा किलोमीटर! एस.टी.च्या बरोबरीने!"

हिरू हसता हसता खोकायला लागला, मला वाटलं इथेच जातो. "अरे येड्या, अकरा एस.टी.चे! गाडी डोंगराला वळसा घालून येते. तू खिंडीतून उतरतोस. ते सहासुद्धा नाय."

मी स्टँडवरच बसलो. जन्मभर अंतर सांगताना गाडीचं सांगितलं आणि चाललो पायवाटेने. पाड्यावर सगळे असंच करतात, कुणाचं कधी काही अडलं नाही. माझे बावीस म्हणजे अकरा. तेही निम्मे चालत. एकवीस मी एकदाही धावलेलो नाही. आणि सहा दिवस राहिलेत.

हिरू हसायचा थांबला. शेजारी बसला. "लहान्या, नको जाऊस. काही झालं तर रोशनीच्या आयला काय सांगू?"

"सांग, डोंगर आडवा आला."

२९ जानेवारी, बुधवार

आयला सगळं सांगितलं, किलोमीटरचं आणि तुझ्या नावाचंही. तुझ्या नावाचं ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, "कुठला सदरा घालणार?"

"पिवळा. का?"

"असंच. पिवळा लांबून दिसतो."

आज बाजार नाही, तरी ती उधव्याला जाऊन आली. मीठ संपलं होतं म्हणे. मडक्यात मीठ होतं, पण बाईमाणसाच्या मिठात आपण हात घालू नये.

१ फेब्रुवारी, शनिवार

बोर्डीला आलो. नंबर मिळाला. सोबत एक पांढरा बनियनही दिला, सगळे घालणार म्हणे. सगळ्यांत वेगळं नको म्हणून मीही तोच घालणार. चिकूच्या वाडीत उतरलोय. वाडीवाला जुना ओळखीचा, पूर्वी त्याच्याकडे चिकू तोडायला यायचो. तो म्हणाला, "लहान्या, तू झाडावर चढायचास, आता हे काय?"

एक वाक्य पाठ करून ठेवलंय. लांब नको, तिला थांबावं लागेल. "रोशनी, पत्र मी लपवलं, मी चुकलो." धावता धावता बोलता येईल एवढंच.

३ फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो.

उजाडता उजाडता सोडलं. माझ्याएवढे म्हातारे पाच-सहा होते. त्यांचे बूट पाहिले आणि कळलं की ते माझ्यासारखे नाहीत. नविनने सांगितलं होतं, काका, सावकाश. पण सावकाश गेलो तर ती भेटेल तेव्हा मी कुठे असेन? बोर्डीच्याच सुरूंमध्ये रांगत असेन. मी पहिल्यापासून जोर केला. घोलवड गेलं. सहाची पाटी आली तेव्हा छातीत लोहाराचा भाता चालला होता. माझ्या पायांना सहाच ठाऊक होते, रोशनी. सहा झाले की ते घरी पोचतात.

चिखल्याच्या अलीकडे समोरून मोटरसायकल आली, मागे पुरुष. मग बायका. एक उंच पोरगी. बऱ्याच अंतराने दुसरी. मग तू.

तुझे हात अजून तसेच, पोटाशी, दुधाचा तांब्या धरल्यासारखे. तू समोर बघत नव्हतीस. आमच्या बाजूच्या एकेका माणसाच्या तोंडाकडे बघत येत होतीस. का ते कळलं नाही. मी म्हटलं, आता नीट धावायचं. मान वर काढली, पाय उचलला, आणि पोटरीत असा गोळा आला की मी डांबरावर बसलोच.

"बा!"

सात वर्षांनी ती हाक. आणि मी पाठ केलेलं वाक्य विसरलो. म्हणालो, "पुढे जा."

"पाय लांब कर."

"जा ग! तिसरी आहेस तू. मी मोजलंय."

"मला म्हायते. पाय लांब कर."

रोशनी खाली बसली. माझ्या पायाचा अंगठा धरून मागे ओढला. कमरेला दोन पुड्या होत्या मीठ-साखरेच्या, एक फोडून माझ्या तोंडात ओतली, वर पाणी. "पिवळा घालणार होतास ना? मी मघापासून पिवळा शोधते." तिला पिवळ्याचं कसं कळलं, देव जाणे. बापलेकीचं रक्त, दुसरं काय.

तेवढ्यात मागून आलेली एक पोरगी पुढे गेली. तिने वळून पाहिलं, थोडी थांबल्यासारखी झाली, मग गेली. मी म्हटलं, "चौथी झालीस." मग दोघी बरोबरच गेल्या. मी रोशनीला ढकललं. तिने माझा हात बाजूला केला, लहान पोराचा करतात तसा.

"रोज किती धावत होतास?"

"अकरा." मग म्हटलं, "अकरा म्हणजे सहा. पायवाटेचे."

ती हसली. खरंच हसली, हिरूसारखी. "सहावर एकवीस धरलेस? खिंडीतून गेलास? बा, तू..." आणि हसताना तिची नजर रस्त्यावर गेली. अजून एक चालली होती. हसू तिथेच राहिलं, डोळे निघून गेले.

"दर वेळी तूच का आडवा येतोस, बा?"

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला बोलता आलं असतं. खरंच विचारावं तसं विचारलं, उत्तर हवं असल्यासारखं. तेवढ्यात शर्यतीची पोरं गाडी घेऊन आली, त्यांनी मला काखेत धरून उचललं. ती उठली, गुडघे झटकले आणि धावली. मी गाडीच्या मागच्या काचेतून पाहत होतो. पण गाडीही त्याच रस्त्याने बोर्डीला, तिला मागे टाकूनच पुढे गेली. तिच्या शेजारून जाताना मी मान खाली घातली.

ती सातवी आली.

तंबूत मला खाटेवर टाकलं होतं. उमेशराव आले. बरोबर छोटी, त्यांच्या पायामागे लपलेली, खांद्याला निळी पिशवी. आयचा अंदाज! उमेशराव म्हणाले, "बापा, सारूं छे ने? बरं वाटतंय?"

"रोशनी?"

ते खाली बघून म्हणाले, "ती रिक्षात बसलीये. म्हणते, आता नको. आणि म्हणते, जाताना पाय लोंबते सोडून बसू नको म्हणावं, परत गोळा येईल."

छोटीला मी हात केला. तिने पिशवी पुढे घेतली, मधे.

घरी आल्यावर आयने पहिलं विचारलं, "तिची टाच दुखली का?" मी सगळं सांगितलं, किती जणी पुढे गेल्या तेही. ती उठून शेळ्यांकडे गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी लंगडत गेलो. दाव्याला धरून उभी होती. म्हणाली, "मीच सांगायला नको होतं."

"काय सांगायला नको होतं?"

"काय नाय."

दुःखात माणूस काहीबाही बोलतं. मी जास्त विचारलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रोशनी, हे पान मी फाडून तुला पाठवणार आहे. बाकीची वही नाही.

काल नविनकडे गेलो. त्याच्या फोनवरून शर्यतवाल्यांशी बोललो. म्हटलं, ती तिसरी होती, माझ्यामुळे थांबली, मी लिहून देतो, अंगठाही देतो. तिकडचा माणूस चांगला होता. म्हणाला, "आजोबा, फार वाईट वाटतं, पण ज्या तिघी आधी आल्या त्यांचीच नावं जातात." त्याचं काही चुकलं नाही. मी तरी दुकानात उभाच राहिलो. नविनने स्टूल दिला.

रस्त्यावर मला बोलता आलं नाही ते इथे लिहितो. पत्र मी लपवलं. मी चुकलो. चुकलो हा शब्दसुद्धा लहान पडतो. चुकलो म्हणजे वाट चुकणं, मला वाट माहीत होती. आणि परवा मी तुला दाखवायला धावलो की बघ, बा तुझ्यासंगती धावतो. तेही स्वतःसाठीच. तू विचारलंस, दर वेळी मीच का. मला उत्तर सापडलेलं नाही. सापडलं तरी त्याने तुझी नाशिकची जागा भरून येणार नाही.

आता पोटरी बरी आहे. मी पुन्हा तुझ्या वाटेवर येणार नाही. तू पुन्हा कुठे धावलीस तर मला कळवू नकोस, पण धाव.

एक गोष्ट केली. आज पोस्टमन आला तेव्हा त्याला फाट्यावरच गाठलं. म्हटलं, भाऊ, आजपासून पाड्याचं टपाल माझ्या घरी टाकायचं नाही. अंगणवाडीतल्या शितलकडे द्यायचं. तो म्हणाला, "का काका? डोळे गेले?" मी हो म्हटलं. पाड्यावर दोघं-तिघं विचारायला आले, त्यांनाही तेच सांगितलं. हिरूला खरं सांगितलं. तो विडी विझवून निघून गेला.

तेव्हा उत्तर लिहिशील ते आयच्या नावाने लिही. शितल तिला वाचून दाखवेल. ती वाचेल तेव्हा मी शेळ्या घेऊन वर डोंगरात असेन. आयला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, नाही तर नाही. त्यात माझं नाव नसलं तरी चालेल. टाच कशी आहे, छोटी रडायची थांबली का, एवढं चार ओळी लिहिलंस तरी आय महिनाभर पुरवेल.

पण लिही, बये. उशीर लावू नकोस. ते माझ्या हातात पडणार नाही.